एक बैल त्याचा, एक आमचा

जिल्ह्याचा इतिहास छापायला निघालेला माणूस आमच्या भागात आला, तेव्हा त्याने ऑरिन बर्डिकला चार ओळी दिल्या. जन्म व्हरमाँटचा, मिशिगनात आला अठराशे छत्तीस साली, एकशेवीस एकर जमीन, एकदा विधानसभेवर. झालं. त्याच पुस्तकात नदीपलीकडच्या क्रँडल गिरणीवाल्याला दोन पानं आणि दाढीसकट चित्र. मला वाईट वाटलं. ऑरिनकाकाला काही वाटलं नाही. "चार ओळी पुष्कळ झाल्या की," तो म्हणाला. "त्यातली एक तर चुकीची आहे." कोणती, ते त्याने सांगितलं नाही.

मी जॉथम वीलरची थोरली मुलगी, थर्झा. आमचं आणि बर्डिकांचं शेत लागून. ऑरिनकाकाबद्दल मला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आणि निम्मं आईकडून ऐकलेलं आहे. आई तिखट बोलायची, पण खोटं बोलायची नाही.

आमचे बाबा इथे वर्षभर आधी आले होते. झोपडी उभी केली, दोन एकर झाडं तोडली, आणि तिसऱ्या एकरावर ओकचं एक झाड भलत्याच बाजूला पडून त्याखाली एक बैल चिरडून मेला. राहिला एक, ठिपक्यांचा, लायन नावाचा. पुढच्या मे महिन्यात ऑरिनकाका आणि लोविनाकाकू छकड्यातून आले. त्यांचाही एक बैल डेट्रॉईटच्या वाटेवर दलदलीत रुतून गेला होता. उरलेला तांबडा, ड्यूक. एकट्या ड्यूकने तो छकडा शेवटचे तीस मैल कसा ओढला ते ऑरिनकाकाच जाणे. काकू म्हणायची की चढावर ती आणि तो मागून ढकलत होते.

बाबांनी बैल पाहिला आणि सरळ विचारलं, "विकतोस का?"

ऑरिनकाकाची एक सवय होती. त्याला काही विचारलं की तो आधी खाली बघायचा, मग झाडांकडे, मग बोलायचा. तेवढ्या वेळात घाईचा माणूस निघूनही जाई.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "तू विकतोस?"

"मी विकला तर नांगराला काय बायकोला जुंपू?"

"मग मी विकला तर मी काय करू?"

असं दुपारपर्यंत चाललं. बाबा दर वाढवत होते, ऑरिनकाका झाडांकडे बघत होता. शेवटी छकड्यात बसलेली लोविनाकाकू म्हणाली, "अहो, दोन बैल उभे आहेत, दोन गडी उभे आहेत, नांगर तेवढा आडवा पडलाय. जोडून बघा की एकदा!"

दारात उभी असलेली आमची आई, अ‍ॅक्सा, लगेच म्हणाली, "बघा बाई! आमच्या ह्यांनी मला जुंपायचंच बाकी ठेवलं होतं."

त्या दोघी तिथे पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या, आणि पुढची चाळीस वर्षं बोलत राहिल्या.

लायन उजवीकडे, ड्यूक डावीकडे. तीन दिवस आमच्याकडे, तीन दिवस त्यांच्याकडे, रविवारी दोघांना चरायला सोडायचं. पहिली चार वर्षं दोन्ही शेतं त्याच एका जोडीने फोडली. त्या काळी दलदलीच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाला हिवताप धरायचा, एक दिवसाआड हुडहुडी भरायची. बाबांची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार. ऑरिनकाकाची मंगळवार, गुरुवार, शनिवार. पुढच्या आठवड्यात उलट. ज्याला हुडहुडी नाही तो नांगर धरायचा, ज्याला आहे तो घोंगडीत दात वाजवत बसायचा. "देवाने पाळ्याच लावून दिल्यात," लोविनाकाकू म्हणायची.

बर्डिकांचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला. शवपेटी बाबांनी केली, अक्रोडाच्या लाकडाची. ऑरिनकाकाने त्या वर्षी घरामागच्या उतारावर सफरचंदाच्या बिया लावल्या, न्यूयॉर्क राज्यातून आणलेल्या. कुणी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. मग दोन मुली झाल्या, दोन्ही दणकट.

सगळं जमायचं, फक्त राजकारण जमायचं नाही. बाबा डेमोक्रॅट, ऑरिनकाका त्यांच्या विरोधातल्या व्हिग पक्षाचा. नांगर चालू असतानाच वाद सुरू व्हायचा. बाबांचा आवाज चढला की बैल थांबायचे. त्यांना वाटायचं आपल्यालाच ओरडतायत. मग ऑरिनकाका म्हणायचा, "जॉथम, तू हळू बोललास तर मी हरेन, पण निदान नांगरट तरी होईल."

आता नदीचं सांगते, कारण विधानसभेचं प्रकरण नदीपासून सुरू झालं.

आमची चौदा घरं नदीच्या अलीकडे. गाव मात्र कागदावर पलीकडचं. गावसभा भरायची एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, पलीकडे, क्रँडलच्या गिरणीत. आणि एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नदीला पूर नाही असं वर्ष मला तरी आठवत नाही. पूल नव्हता. होडी होती ती क्रँडलची, आणि ती नेहमी त्याच्याच काठाला बांधलेली. मग आमच्याशिवाय सभा भरायची, रस्त्यासाठी अलीकडे एक फावडंही द्यायचं नाही असं ठरायचं, आणि नको असलेली सगळी कामं आमच्या माणसांच्या गळ्यात घातली जायची. एका वर्षी बाबा, ऑरिनकाका आणि आणखी दोघे असे चौघेजण कोंडवाड्याचे रखवालदार म्हणून निवडले गेले. कोंडवाडा एकच, आणि तोही पलीकडे.

चव्वेचाळीस साली बाबांचं डोकं फिरलं. म्हणाले, यंदा मी जाणारच. लायनला नदीत घातलं, त्याची शेपटी धरली आणि पोहत पलीकडे गेले. ओलेचिंब गिरणीत शिरले तेव्हा सभा संपली होती आणि लोक टोप्या घालत होते. क्रँडल म्हणाला, "ये वीलर, बस. पण पीठ ओलं करू नकोस."

बाबा परत आले ते तापाने फणफणलेले. ऑरिनकाका उशाशी बसला होता. बराच वेळ खाली बघून, मग खिडकीबाहेर बघून तो म्हणाला, "आपलं गाव वेगळं काढायला पाहिजे."

"ते विधानसभेत होतं," बाबा म्हणाले. "तिथे आपलं कोण आहे?"

"नाही खरं," ऑरिनकाका म्हणाला.

तीन वर्षांनी जिल्ह्याच्या दोन जागांपैकी एक रिकामी झाली. दुसऱ्या जागेवर क्रँडल होताच. अलीकडच्या लोकांनी ठरवलं की या खेपेला आपला माणूस पाठवायचा. व्हिगांनी ऑरिनकाकाचं नाव पुढे केलं. त्याच आठवड्यात डेमोक्रॅटांनी बाबांचं.

आई म्हणाली, "आता झालं. आता कुंपण घाला मधे."

कुंपण कोणी घातलं नाही. दोघांच्याही सभा त्याच त्याच ठिकाणी, त्याच त्याच दिवशी असायच्या. दोन छकडे कशाला न्यायचे? एकाच छकड्याला म्हातारे झालेले ड्यूक आणि लायन जोडून दोन्ही उमेदवार एकत्र निघायचे. एक भाषण करायचा, दुसरा बैल सांभाळायचा. मग अदलाबदल. वाटेत दोघांनी आईने बांधून दिलेली मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस वाटून खायचं आणि भांडायचं. लोक भाषणापेक्षा ती गाडी बघायला यायचे, असं म्हणतात.

चौफुल्यावरच्या शाळेत शेवटची सभा होती. नेमका त्या दिवशी ऑरिनकाकाचा जुना हिवताप उलटला. छकड्यातच घोंगडी पांघरून तो थरथरत पडला. बाबांनी आपलं भाषण केलं, चांगलं जोरात. लोक टाळ्या वाजवून उठायला लागले तसे बाबा म्हणाले, "बसा. बर्डिकचं राहिलंय."

"तो तर आडवा झालाय!" कोणीतरी ओरडलं.

"कागद आहे ना त्याचा," बाबा म्हणाले, आणि ऑरिनकाकाच्या खिशातून आणलेला कागद त्यांनी उलगडला.

बाबांना वाचन फार छान यायचं. चर्चमध्ये पाद्री आजारी असला की तेच वाचायचे. त्यांनी तो कागद नुसता उरकला नाही, वाचला. नदीचं, पुराचं, चौदा घरांचं सगळं त्यात होतं. आणि मग ते एका ठिकाणी आले आणि थांबले.

"पुढे वाच की!" लोक म्हणाले.

बाबांनी घसा साफ केला. "'जॉथम वीलर प्रामाणिक माणूस आहे,'" त्यांनी वाचलं, "'आणि त्याचा नांगर सरळ जातो. पण त्याला राग लवकर येतो. विधानसभेत फार वेळ बसून राहावं लागतं असं ऐकतो. मला बसून राहता येतं.'"

सगळी शाळा हसली. बाबांनी कागदावरून मान वर केली. चेहरा लालबुंद झाला होता. "हसताय काय?" ते कडाडले. "खरंच आहे ते!"

त्यावर हसू आणखी वाढलं. बाहेर छकड्यात पडलेल्या ऑरिनकाकाला वाटलं बाबांनी सभा जिंकली.

नोव्हेंबरात मतं मोजली तर ऑरिनकाका अकरा मतांनी निवडून आला होता. आई महिनाभर बाबांना बोलत होती. "तुमच्यासारखा वकील मिळाला तर आमचं डुक्करसुद्धा निवडून येईल. अकरा मतं! चौफुल्यावरचीच असणार ती अकरा."

"मग काय अर्धवट वाचू?" बाबा म्हणायचे.

"शिंक तरी यायची होती तुम्हाला!"

जानेवारीत ऑरिनकाका निघाला. राजधानी नुकतीच लॅन्सिंगला हलवली होती, जंगलात. त्याच्याकडे धड कोट नव्हता, म्हणून बाबांच्या लग्नातला काळा कोट घालून गेला. तो त्याला दंडात घट्ट व्हायचा. दोन्हीकडची गुरं, लाकडं, बर्फ काढणं, सगळं त्या थंडीत बाबांनी केलं. लोविनाकाकू कधी आभार मानायला लागली की ते म्हणायचे, "मला बसून राहता येत नाही ना. मग हेच करतो."

ऑरिनकाकाची पत्रं यायची ती काकू आमच्याकडे आणून चुलीजवळ मोठ्याने वाचायची. राजधानी त्याला आवडली होती. "रस्त्यात तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत," त्याने लिहिलं होतं, "त्यामुळे घरच्यासारखं वाटतं. काल दोन वकील बुंध्याला अडखळून पडले, मी नाही पडलो. एका पलंगावर आम्ही तिघे झोपतो. मधल्याला ऊब मिळते, म्हणून पाळ्या लावल्यात." पाच आठवडे झाले तरी तो सभागृहात एक शब्द बोलला नव्हता. बाबा पत्र ऐकता ऐकता उठून येरझाऱ्या घालायचे. "अरे बोल की! मी गेलो असतो तर एव्हाना दहा भाषणं झाली असती."

"आणि दहा भांडणं," आई म्हणायची.

सहाव्या आठवड्यात आमच्या गावाचा ठराव सभागृहात आला. क्रँडल विरोध करायला उठला. नदीअलीकडच्या लोकांना गाव चालवायची अक्कल नाही, तो म्हणाला. इतक्या वर्षांत गावसभेला त्यांचा एक माणूस तरी वेळेवर आला का? त्यांना आस्थाच नाही.

ऑरिनकाका उठला. आधी खाली बघितलं. मग छताकडे बघितलं, कारण तिथे झाडं नव्हती. सभापतींना वाटलं हा बोलणार नाही, आणि ते मत घ्यायला निघाले, तेवढ्यात तो बोलला.

"क्रँडलसाहेबांचं बरोबर आहे. आमचा एकच माणूस एकदा आला होता, आणि तोही उशिरा. तो बैलाची शेपटी धरून आला होता. क्रँडलसाहेबांना माझं आमंत्रण आहे. येत्या एप्रिलमध्ये त्यांनी आमच्याकडे मुक्कामाला यावं आणि सोमवारी सकाळी आमच्याकडून गावसभेला निघावं. होडी नाही, ती त्यांचीच पलीकडे बांधलेली असते. बैल आमचे. शेपटी त्यांनी निवडावी. दोन आहेत."

एवढं बोलून तो बसला. तिथे हजर असलेल्या एका माणसाने मला पुढे सांगितलं, की सभापतींना हातोडा आपटता आला नाही, ते टेबलाखाली तोंड लपवून हसत होते.

हसून झालं, पण मतं अजून पडायची होती. सभागृहात व्हिग मूठभर, बाकी सगळे डेमोक्रॅट, क्रँडलच्याच पक्षाचे. आणि ठरावात गावाच्या नावाची जागा कोरी होती. नावावरून आमच्या चौदा घरांत चौदा मतं पडली होती, म्हणून ऑरिनकाकाने ती तशीच ठेवली होती.

"नाव काय द्यायचं?" सभापतींनी विचारलं.

या वेळी त्याने कुठेच बघितलं नाही. "वीलर," तो म्हणाला.

"हा वीलर कोण?"

"शेपटी धरून आलेला. माझ्याविरुद्ध उभा होता. तुमच्याच पक्षाचा."

डेमोक्रॅटांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात वर गेले. एक व्हिग आमच्या एका डेमोक्रॅटाच्या नावाने गाव वसवतो आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? काही लोक नंतर म्हणाले, बर्डिक वाटतो तसा भोळा नाही. मी एकदा त्याला विचारलं, "काका, मतांसाठी केलंत का ते?" तो म्हणाला, "मतांचं मला खाली बसल्यावर लक्षात आलं."

बातमी आली तेव्हा बाबा लाकडं फोडत होते. त्यांनी कुऱ्हाड ठेवली, घरात आले आणि म्हणाले, "माझं नाव? मला विचारलं पण नाही?" मग त्यांना राग आला. खरं तर राग नव्हता तो, पण त्यांच्याकडे दुसरं काही नसायचंच. "आता जन्मभर सांगत बसू? मी जॉथम वीलर, राहणार वीलर? लोक म्हणतील, निवडून येता आलं नाही म्हणून गाव होऊन बसला!"

मार्चमध्ये ऑरिनकाका घरी आला. कोटाची शिवण दोन्ही काखेत उसवली होती. बाबा पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. कोट परत घेतला तो आईच्या हातून. ऑरिनकाका रोज कुंपणाशी येऊन "काय जॉथम?" म्हणायचा आणि उत्तर न घेता परत जायचा. सोळाव्या दिवशी त्याने "काय वीलरकर?" असं म्हटलं, आणि बाबांना हसू फुटलं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आमच्या नव्या गावाची पहिली गावसभा बर्डिकांच्या धान्याच्या कोठारात भरली. नदी दुथडी भरून वाहत होती, तिचा आवाज आत येत होता, आणि कोणालाच तिचं काही वाटत नव्हतं. काकूने आणि आईने मेपलच्या ताज्या पाकाचं भांडं आणि गव्हाच्या गरम पोळ्या आणून ठेवल्या. गावप्रमुख म्हणून बाबा एकमताने निवडले गेले. मग कोंडवाड्याच्या रखवालदाराचं पद निघालं आणि सगळे एकदम "बर्डिक!" म्हणून ओरडले.

ऑरिनकाकाने विचार केला. "कोंडवाडा आहे का आपल्याकडे?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग घेतो," तो म्हणाला.

व्हिगांनी त्याला पुन्हा उभं केलं नाही. पक्षाचे दोन पुढारी मुद्दाम घरी येऊन त्याला बोल लावून गेले. एवढं गाव काढलं आणि नाव शत्रूचं दिलं! ऑरिनकाकाने त्यांना सफरचंदाचा रस पाजला, झाडं दाखवली आणि फाटकापर्यंत पोचवलं. लोविनाकाकूने विचारलं, "वाईट वाटलं का हो?" तो म्हणाला, "एक हिवाळा पुरे. तिथे सगळे माझ्यापेक्षा लवकर उत्तरं देतात." लोक पुढे त्याला "माननीय बर्डिक" म्हणायला लागले, तेव्हा मात्र तो लगेच उत्तर द्यायचा: "कोण?"

त्याची खरी वर्षं त्यानंतरची, असं मला वाटतं. उतारावरची बियांची झाडं मोठी झाली. त्यांतल्या निम्म्यांची फळं इतकी आंबट की डुकरंही तोंड वाकडं करत. ऑरिनकाका चांगल्या झाडांच्या काड्या आणून त्यांच्यावर कलम बांधायचा. हात संथ आणि नेमका. पुढे तो जिल्हाभर कलमं बांधत फिरू लागला. कुणाच्याही शेतावर जायचा, चाकू काढायचा, फांद्यांकडे बराच वेळ बघायचा. त्या कामात तेवढा वेळ बघितलेलं कुणाला खटकत नसे. नदीवर पूल झाला तसा तो पलीकडेही गेला, आणि क्रँडलच्या अंगणातली चार झाडंही त्यानेच कलम केली. बाबा चिडले. "त्याला कशाला?"

"झाडं त्याची नाहीत रे," ऑरिनकाका म्हणाला. "त्याच्या अंगणात उभी आहेत एवढंच."

बाबा त्रेसष्ट साली गेले, छातीच्या आजाराने, आठ दिवसांत. ऑरिनकाका आठही दिवस येऊन बसायचा. दोघे हळू आवाजात तेव्हा चालू असलेल्या उत्तर-दक्षिण लढाईबद्दल वाद घालत होते, आणि मला वाटतं बाबांना त्याने बरं वाटत होतं. त्यानंतर आईची लाकडं, आईचं छप्पर, आईची गाय, सगळं तो बघायचा. आई त्याला रोज काहीतरी टाकून बोलायची. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, ते मदत करतात, आणि तू?" ती म्हणाली, "तो आता शब्द ऐकायला कुठे जाईल? जॉथम होता तेव्हा ऐकायला मिळायचे ना त्याला. सवय मोडली तर माणूस खंगतो."

ऑरिनकाका एकोणऐंशी साली ऑक्टोबरात गेला. वय सत्त्याहत्तर. दुपारी शिडीवरून उतरला, टोपली ठेवली, ओसरीवर बसला आणि बसल्याबसल्याच गेला. आम्ही सगळे धावलो. लोविनाकाकू त्याच्याशेजारी बाकावर बसली होती, त्याचा हात हातात घेऊन, आणि रडत नव्हती.

"चांगला गेला," ती म्हणाली. "बाग उतरवून झाल्यावर गेला. अर्धी झाडं तशीच ठेवून गेला असता तर मी बोलले असते."

त्यांचं शेत आता धाकट्या मुलीकडे, ह्युल्डाकडे आहे. शरद ऋतूत रेल्वेच्या स्टेशनावरून माल न्यायला गाड्या येतात आणि आठवडाभर रस्त्यावर सफरचंदांचा वास असतो. काकू आता ब्याऐंशीची आहे. दर शनिवारी मी जाते. आम्ही दोघी सफरचंदं सोलतो, चकत्या दोऱ्यात ओवून वाळत घालतो. ती माझ्यापेक्षा भराभर सोलते, आणि माझ्या साली फार जाड निघतात म्हणून मला बोलते.